झोपेची सावड

त्या चिठ्ठीवर पेशंटचं वजन साडेतीनशे किलो लिहिलेलं होतं.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. काडीसारखा मुलगा, डोळे लाल, ओठ सुकलेले, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. चिठ्ठीवर नावाच्या जागी खाडाखोड करून 'तुषार' लिहिलेलं होतं. वयाच्या जागी मात्र 'दुसरं वेत' तसंच राहून गेलं होतं. आणि सगळ्यात खाली, डॉक्टरांच्या सहीच्याही खाली, निळ्या पेनानं एक ओळ वाढवलेली होती : 'जागायची गोळी'.

"ही चिठ्ठी तुझी?"

"हो."

"तुझं दुसरं वेत चालू आहे?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुषार मान खाली घालून म्हणाला, "गायीची हाय ताई. पन डॉक्टरचीच हाय ना? सही हाय, शिक्का हाय."

"अरे, गुरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी माणसाला कशी चालेल?"

"आमच्या मळ्यात तेच डॉक्टर येत्यात. माणसांचा डॉक्टर काय घरी येत न्हाई."

मी गोळी दिली नाही, चिठ्ठी तेवढी परत दिली.

ओतूरला कॉलेजच्या वाटेवर आमचं मेडिकल आहे. 'आमचं' म्हणजे आबाशेठचं. मी तिथली फार्मासिस्ट. लोकांना वाटतं, मेडिकलात बसणं म्हणजे किराणा दुकानात बसण्यासारखं, फक्त पुड्या जरा लहान. तसं नाही. ज्या गोळीच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, हा नियम आहे आणि तो मोडायला दिवसभर माणसं येतात. कुणी शेजाऱ्याची चिठ्ठी आणतं, कुणी मेलेल्या माणसाची आणतं, कुणी नुसतं "ती पांढरी, गोल" असं सांगतं. माझं निम्मं काम औषध देण्याचं आणि निम्मं न देण्याचं आहे. न देण्याचं काम जास्त कष्टाचं असतं आणि त्याला गिऱ्हाईक कधी धन्यवाद म्हणत नाही.

ह्या धंद्याला हंगाम असतात. कांद्याच्या काढणीत कंबरदुखीचं मलम खपतं. आषाढात पश्चिमेकडून भात लावून आलेली माणसं पायाच्या चिखल्यांवर मलम मागतात, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या असतात. आणि विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की कॉलेजची मुलं येतात. परीक्षेआधी म्हणतात, "ताई, जागं राहायचं काहीतरी द्या." परीक्षा संपली की तीच मुलं तेच तोंड घेऊन येतात, "ताई, झोपच येईना, काहीतरी द्या." एक मुलगी विचारत होती, फक्त गणितापुरती जाग येईल असं काही मिळेल का. इतिहासाला झोपून चालतं म्हणाली. एक पठ्ठ्या रोज डोळ्यांच्या खाली बाम लावून अभ्यासाला बसायचा, म्हणजे आग होऊन झोप येणार नाही. तो एकाच वेळी बामची बाटली आणि डोळ्यांचे थेंब घेऊन जायचा. मी बाम देणं बंद केलं, तर त्यानं आजीला पाठवलं.

गोळ्या मी अडवू शकत होते. आबाशेठचा फ्रीज अडवू शकत नव्हते. त्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात इन्सुलिन असतं आणि खालच्या दोन कप्प्यांत तरतरीच्या पेयाचे डबे. डब्यावर कडाडणाऱ्या विजेचं चित्र. परीक्षेच्या दिवसांत दूधवाल्याकडे रतीब लावावा तसे मुलांनी डब्यांचे रतीब लावलेले असायचे.

मी आबाशेठना म्हटलं, "हे विकणं बंद करा."

"तू गोळ्या विकायला बसलीयेस का बंद करायला?" आबाशेठ म्हणाले. "त्याच्यावर लाल रेघ हाय का? न्हाई ना? मग गप ऱ्हा."

मला गप्प राहायची सवय नाही आणि त्याला जबाबदार आमचे नाना आहेत. नाना साखर कारखान्यात फिटर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, वजनात मारणाऱ्या काट्याविरुद्ध. मला स्वतःची वेणी घालता येण्याआधी पत्रकाची घडी घालता येत होती. आमच्याकडे पाहुणे आले की चहाबरोबर पत्रक मिळायचं. तेव्हा आबाशेठ गप्प बस म्हणाले त्याच संध्याकाळी मी लिहायला बसले. 'विद्यार्थ्यांनो, झोप हा तुमचा हक्क आहे!' अशी सुरुवात केली. झोप दाराशी येऊन घंटी वाजवते. डबा पिऊन झोप जात नाही, फक्त घंटी बंद होते. झोप दाराबाहेर उभीच असते आणि दार तोडून आत येते ती नेमकी पेपराच्या वेळी. रात्री दहाला झोपा, पहाटे उठा. तुम्हाला जाग विकणाऱ्या कंपन्यांना तुमची झोप विकू नका.

नानांनी चष्मा लावून वाचलं. "मुद्दे बरोबर आहेत. पण एवढं लांब पत्रक वाचेपर्यंत माणूस झोपेल."

"मग चांगलंच आहे की."

"तेही खरं," म्हणाले, आणि छपाईला द्यायला घेऊन गेले.

मग प्रत्येक औषधाच्या पिशवीत मी एक पत्रक घालायला लागले. आबाशेठ दुपारी जेवायला घरी जातात, तेवढ्या वेळात जास्त जायची. आंबटढेकरांची गोळी न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं ते तिथंच उभं राहून पूर्ण वाचलं आणि विचारलं, "मी काय इद्यार्थी न्हाई, तरी झोपू का?" मुलांवर परिणाम म्हणाल तर काहीच नाही. रतीब चालूच होता.

गायीच्या चिठ्ठीनंतर चार-आठ दिवसांनी तुषार परत आला. हातात डबा आणि माझं पत्रक, दोन्ही.

"ताई, ह्यात लिवलंय रात्री दहाला झोपा."

"हो."

"आमच्याकडं दहालाच लाईट येती."

मग त्यानं सांगितलं, आणि मी ह्याच तालुक्यातली असून हे मला सांगावं लागलं ह्याचं मला आजही नवल वाटतं. शेतीच्या मोटारीची वीज आळीपाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात कांद्याला पाणी रात्रीच भरायचं. बिबट्याच्या भीतीनं एकट्यानं जायचं नाही, एक जण दारं मोडणार, म्हणजे फावड्यानं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणार, आणि दुसरा बॅटरी घेऊन बांधावर उभा राहणार. तुषारच्या वडिलांना कमी ऐकू येतं. बिबट्या सोडा, कुत्रं कानाशी भुंकलं तरी त्यांना कळत नाही. आईचे गुडघे गेलेले. म्हणजे बॅटरी तुषारच्याच हातात. रात्रभर बांधावर, सकाळी मोटरसायकलवरून कॉलेजात, आणि मधल्या वेळात विजेचे डबे. दिवसाचा आठवडा आला की झोपायला मोकळीक असायची, पण तेव्हा डब्यांमुळे झोप लागायची नाही. अंगातलं घड्याळ पार बिघडून गेलेलं.

"मग हे बघा," म्हणत त्यानं हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

तुषार रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यांच्या प्रॅक्टिकलमध्ये एक काम असतं. तोटी असलेल्या काचेच्या उभ्या नळीतून खालच्या चंबूत थेंब थेंब द्रावण सोडायचं. एका थेंबाला चंबूतलं पाणी फिक्कं गुलाबी होतं. तिथं थांबलं पाहिजे. पुढचा थेंब पडला की गडद होतं आणि सगळं वाया जातं. मागच्या वर्षी तुषारचा हात असा थरथरला की एका थेंबाच्या जागी धार लागली, आणि घाबरून तोटी फिरवताना नळीच फुटली. तेवढ्या एका प्रॅक्टिकलसाठी त्याची पदवी अडली होती. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळत होती, पदवीचा कागद आणला तर. ह्या वर्षी पुन्हा नापास झाला असता तर जागाही गेली असती.

"म्हनून गोळी पायजे ताई. डब्यानं हात हालतो. गोळीनं हालत नाय म्हनत्यात."

"कोण म्हणतं?"

"हॉस्टेलवरची पोरं."

"ती पास झाली?"

तो विचारात पडला.

गोळी मी दिली नाही. छाती धडधडते म्हणाला म्हणून त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. माणसांच्या. त्यांनी तपासून सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, डबे बंद करा आणि झोपा. म्हणजे माझं पत्रक त्यांनी दोन ओळींत सांगितलं आणि त्याची फीसुद्धा घेतली.

पण झोपायचं कधी? मला रागच आला. पोराला झोप म्हणायचं आणि वीज रात्री सोडायची, ही कुठली रीत? मी दुसरं पत्रक लिहिलं : 'दिवसा वीज द्या, रात्री झोप द्या!' ते नानांना इतकं आवडलं की ते माझ्याबरोबर वीज कंपनीच्या ऑफिसात आले, इस्त्रीचा सदरा घालून. तिथले साहेब तरुण होते. पत्रक नीट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

"मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण वेळापत्रक वरून येतं, माझ्या हातात नाही. एक विचारू का? तुम्ही मेडिकलवाल्या ना? झोपेची एखादी गोळी मिळेल का? रात्री लाईट गेली की सगळा तालुका मला फोन करतो. आता फोन नाही आला तरी झोप येत नाही."

"चिठ्ठी आणा," मी म्हटलं. नाना बाहेर येऊन म्हणाले, "शत्रू समजून गेलो आणि भला माणूस निघाला गं. वाईट वाटलं."

वाट सुचवली ती लक्ष्मणनं. लक्ष्मण तुषारच्या वर्गातला, घाटघरचा, हॉस्टेलवर राहायचा. दुकानात तुषारबरोबर यायचा आणि माझं-त्याचं बोलणं चालू असेपर्यंत खुर्चीत बसून झोपायचा. झोपेच्या बाबतीत असा भाग्यवान प्राणी मी पाहिलेला नाही. हॉस्टेलभर परीक्षेचा गोंधळ चालू असताना हा जेवून ताट धुवायचा आणि थेट अंथरुणात. त्या दिवशी डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "मी जातो की बॅटरी धरायला."

"तू?" तुषार म्हणाला. "तुला कशाला तरास?"

"सावड कर. आमच्याकडं भाताच्या आवणीला सावडच असती. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. प्रॅक्टिकलच्या आठवड्यात मी तुझ्या बापाबरोबर उभा ऱ्हातो, तू हॉस्टेलवर माझ्या कॉटवर झोप. पावसाळ्यात तू ये आमचं भात लावायला."

आमच्या भागात सावड कशाचीही होते. खुरपणीची होते, बैलांची होते. झोपेची सावड मी पहिल्यांदाच ऐकत होते. नानांच्या सगळ्या पत्रकांत मिळून जेवढी एकजूट होती तेवढी ह्या अर्धवट झोपलेल्या पोराच्या एका वाक्यात निघाली.

प्रॅक्टिकलला अजून अवकाश होता. तेवढ्यात तुषारनं डबे एकेक करून कमी केले. पहिल्या दिवसांत त्याचं डोकं असं ठणकायचं की तो दुकानात येऊन मला बोलून जायचा. "झोप हक्क हाय म्हनता, मग डोकं काय दंड हाय का?" आबाशेठ वेगळेच चिडलेले. तुषारचं बघून अजून दोघांनी रतीब बंद केला होता. "तुझ्या बापाला सांग, एक पत्रक माझ्यासाठी पन काढ. 'आबाशेठला जगू द्या.'"

नेमकी प्रॅक्टिकलच्या आठवड्यात रात्रीची वीज आली. लक्ष्मण पहिल्या दिवशी मळ्यात गेला, तुषार त्याच्या कॉटवर झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुषारचे वडील दुकानात आले. कमी ऐकू येणारी माणसं जगालाही कमी ऐकू येतं असं धरून बोलतात. अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ताई, तुमी पाठीवलेलं पोरगं लई गुनाचं हाय! जेवान चांगलं केलं! बॅटरी घेतली! बांधावर हुबं ऱ्हायलं!"

"वा!"

"आन झोपलं!"

"काय?"

"हुब्याचं बसलं, बसल्याचं आडवं झालं! म्या हालीवलं, न्हाई उठलं. मंग म्या त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं, बॅटरी काढून घेतली, आन एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, आसं पानी भरलं! सारखं जाऊन बघत व्हतो, लोकाचं पोरगं हाय, बिबट्यानं नेलं तर त्याच्या आईला काय सांगू?"

"बिबट्या नाही ना आला?"

"आला आसंल तरी मला काय ऐकू येतंय!"

रांगेतली माणसं पोट धरून हसत होती. ते स्वतःही हसले. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तुषारला बोलू नका पन. त्याला कळलं तर त्यो यील परत. झोपू द्या त्याला. लई दिसांनी झोपलाय."

मी खोटं बोलत नाही. पण तुषार दुपारी आला आणि "लक्ष्या जागा व्हता ना?" असं विचारलं तेव्हा मी नाकासमोरच्या कपाटात काहीतरी शोधायला लागले आणि म्हटलं, "तुझ्या वडिलांनी त्याचं फार कौतुक केलं." लक्ष्मणला मात्र मी चांगलं झाडलं. तो ओशाळला. "ताई, काय सांगू, मोटारीचा आवाज आसा एका लयीत चालतो ना, लई ग्वाड लागतं." पण पुढच्या रात्री तो एकटा गेला नाही. हॉस्टेलवरची आणखी दोन डोंगराकडची पोरं बरोबर घेतली. एक झोपला तर दुसरा, दुसरा झोपला तर तिसरा. तिघंही कधी एकदम झोपले नाहीत, असं तुषारचे वडील सांगतात. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी दुकानात एक अनोळखी गृहस्थ आले. हातात बॅग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पहाटेपासून प्रवास करून आलोय, कॉलेजात परीक्षक म्हणून जायचंय, काहीतरी तरतरी येईल असं द्या, म्हणाले. आबाशेठनी लगबगीनं फ्रीजमधून डबा काढून दिला. मी सवयीनं पत्रक दिलं.

त्यांनी ते तिथंच वाचलं. अगदी सगळं. मग डबा काउंटरवर परत ठेवला आणि म्हणाले, "पटलं हो मला. घंटीचं उदाहरण तर फारच छान आहे. आता कानाला खडा." आणि गेले.

माझ्या पत्रकानं एखाद्याचं मन वळलेलं मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. दिवसभर मी हवेत होते. आबाशेठ माझ्याशी बोलत नव्हते, तरी.

संध्याकाळी तुषार आला. खुर्चीत बसला आणि नुसता हसत राहिला.

"झालं का नीट?"

"ताई, हात असा दगडासारखा व्हता. थेंब, थेंब, थेंब. बरोबर फिक्कं गुलाबी. चंबू घेऊन सरांकडं गेलो दाखवायला. तर सर झोपलेले."

मी काउंटरवरचा पत्रकांचा गठ्ठा हळूच खाली सरकवला.

"खुर्चीत, मान टाकून. गाढ. आन ताई, तो रंग टिकत न्हाई. हवा लागली की जातो. सरांनी बघून सही करायची असती. मी चंबू धरून हुबा, आन माझ्यासमोर रंग पांढरा पडत चाललाय."

"अरे, मग उठवायचं ना! खोकायचं, स्टूल पाडायचं!"

"नाय उठवू वाटलं."

"तुषार, तुझं वर्ष!"

"म्हाईत हाय. पन अशी झोप कवा लागती ते मला म्हाईत हाय ना ताई. मोडवंना." तो म्हणाला. "मी परत केलं. परत तेच. फिक्कं गुलाबी. सर घोरायला लागले. मग शेवटचं, तेवढंच द्रावण उरलं व्हतं. सोडलं थेंब थेंब. शेवटचा पडला, रंग आला, आन सर आपोआप उठले. म्हनले, 'झालं का?' म्हनलं, 'झालं सर, तिन्ही येळा सारखंच.' त्यांनी चंबू बघितला, कागद बघितला. म्हनले, 'पहिली दोन का नाही दाखवलीस?'"

"मग काय म्हणालास?"

"म्हनलं, 'सर, तुमी विचारात व्हता.'"

आबाशेठ गल्ल्यामागे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "पत्रक!" एवढंच म्हणत होते. "आजून वाट पत्रकं!" माझ्या पत्रकानं आजवर मन वळवलेला एकच माणूस, आणि तो नको तिथं झोपला, हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही. ही गोष्ट छापून आल्यावरच ते वाचतील.

तुषार पास झाला. हे मी इतक्या सहज लिहिते आहे, पण निकालाच्या दिवशी मी दुकानात तीन गिऱ्हाइकांना चुकीची मोड दिली. फ्रीजमध्ये विजेचे डबे आहेतच. रात्रीच्या आठवड्यात वीज अजून रात्रीच येते आणि बांधावर कुणाची तरी मुलं बॅटरी घेऊन उभी असतात. तिसरं पत्रक लिहून तयार आहे. वीज कंपनीचे साहेब एकदा खरंच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. गोळी देताना मी ते पत्रक त्यांनाच वाचायला दिलं, आणि त्यांनी त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून दिल्या.

आषाढात, कारखान्यात रुजू व्हायच्या आधी, तुषार घाटघरला सावड फेडायला गेला. परत आला तो लंगडत. चपला हातात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं रंगलेले. काउंटरला टेकून त्यानं पडजीभ दिसेल एवढी मोठी जांभई दिली.

"काय रे, झोप नाही झाली?"

"लई झाली. भात लावून आल्यावर माणूस जेवताना पन झोपतो. लक्ष्याचं सगळं घर आसंच झोपतं." मग त्यानं पाय वर करून दाखवला. बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक. "चिखल्या झाल्यात, ताई. मलम हाय का?"

मी कपाटातून ट्यूब काढून त्याच्या हातात ठेवली. लाल रेघ नाही, चिठ्ठी नाही, पत्रक नाही. ह्या पोरानं माझ्याकडे काही मागावं आणि मी मुकाट्यानं द्यावं, असं पहिल्यांदाच घडत होतं.